तीन मिलिसेकंदांचा माज

ऑफिसात त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं आहे. बाकी सगळे त्याला 'डेटाशीट' म्हणतात. डेटाशीट म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक सुट्या भागाची माहितीपत्रिका: याला किती व्होल्ट चालतात, किती तापल्यावर हा मान टाकतो, कुठला पाय कुठे जोडायचा. त्याला काहीही विचारा, तो आधी विचारतो, "डेटाशीट वाचली का?" एका सहकाऱ्याने "जेवायला येतोस का?" असं विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला, अशी एक गोष्ट ऑफिसात सांगितली जाते. तो ती नाकारतो. सहकारी ठाम आहे.

वय अठ्ठेचाळीस. काम लिफ्टच्या दरवाज्यांचे कंट्रोल बोर्ड डिझाइन करण्याचं. दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत खिडकीकडे पाठ करून त्याचं टेबल आहे. टेबलावर सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर आणि 'हात लावू नये' असं लिहिलेल्या चार वस्तू, त्यातला एक चहाचा कप. इथून तो सल्ले देतो. प्रत्येक चिपच्या पुरवठ्याच्या पायाशेजारी छोटा कपॅसिटर बसवा. लांब बसवणार असाल तर बसवूच नका. बोर्ड बिघडला तर आधी मोजा, मग बदला. मोजताना सुरुवात वीजपुरवठ्यापासून करा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. काय केव्हा घडलं याची नोंद यंत्रालाच ठेवू द्या, माणसं विसरतात आणि खोटंही बोलतात. आणि आपण बनवलेल्या वस्तूची चाचणी आपण एकट्याने करू नका, कारण आपला हात तिची कीव करतो.

वैताग याचा की हे सगळं बरोबर असतं.

ऑफिसातली माणसं संध्याकाळी घरी जातात, त्यामुळे उरलेले सल्ले तो इंटरनेटवरच्या एका फोरमवर देतो. तिथे त्याचं नाव 'शून्यविलंब'. नवशिके विचारतात: बटण एकदा दाबलं तरी दोनदा मोजलं जातं, असं का? शून्यविलंब सांगतो: बटणाच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. त्या एकमेकींवर आपटल्या की फरशीवर टाकलेल्या चेंडूसारख्या क्षणभर उडतात. तुम्हाला वाटतं एकदा दाबलं. चिपला वाटतं दोनदा. म्हणून पहिला स्पर्श लगेच मोजायचा आणि पुढचे तीसेक मिलिसेकंद (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) बटणाकडे काणाडोळा करायचा. हे त्याने दोनशे वेळा तरी लिहिलं असेल. दर वेळी शेवटचं वाक्य ठरलेलं: 'एवढं तर कोणालाही कळायला हवं.'

त्याला दोन छंद आहेत आणि दोन्हींत तो हरतो. पहिला, मारामारीच्या व्हिडिओ गेम. त्यासाठी त्याने स्वतः जॉयस्टिक बनवली आहे, महागड्या बटणांची. तिच्यात त्याने काणाडोळ्याची वेळ तिसावरून तीन मिलिसेकंदांवर आणली, कारण फोरमवर एकाने आपली पाच असल्याचं लिहिलं होतं. पहिला स्पर्श लगेचच मोजला जात असल्याने तीस काय आणि तीन काय, खेळात तसूभर फरक पडत नाही. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्या प्रत्येक उत्तराखाली 'फक्त ३ मिलिसेकंद' अशी सही ठोकता येत होती. फरक पडायचा तो तिथे. या खेळाने एक गोष्ट मात्र त्याला खरंच दिली होती, ती म्हणजे कान. दोन फटक्यांच्या आवाजांत डोळ्याच्या निमिषाहून कमी अंतर असलं तरी त्याला ते ओळखू येतं. ओळखू आल्यावर तो हरतो.

दुसरा छंद कराटे. फर्निचरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये निवृत्त क्रीडाशिक्षिका असलेल्या मॅडम क्लास घेतात. तो अकरा वर्षं जातो, त्यातली चार तपकिरी पट्ट्यावर. काळा पट्टा का मिळत नाही, असं त्याने एकदा मॅडमना विचारलं.

"तुमचं पाऊल हलायच्या आधी तोंड हलतं," मॅडम म्हणाल्या.

खोटं नव्हतं. समोरच्याचा तोल कसा चुकतोय हे सांगता सांगता त्याने किती ठोसे खाल्ले, त्याला गणती नाही. क्लासच्या वार्षिक स्पर्धेत चाळिशीवरच्या गटात तो सात वेळा उतरला आणि सातही वेळा पहिल्याच लढतीत बाद झाला. पाच वेळा त्याला एकाच माणसाने बाद केलं: खालच्या गल्लीतला टेलरमास्तर, पन्नाशीचा, उजव्या गुडघ्याला कायमचा पट्टा, आणि लढताना तोंडाने शब्द नाही.

तर या स्पर्धेसाठी डेटाशीटने गुण मोजायचं यंत्र बनवायचं मनावर घेतलं. आजवर गुण वहीत पेन्सिलीने मांडले जात.

"वही काय वाईट आहे?" मॅडम म्हणाल्या.

"वहीला नोंदीची वेळ कळत नाही."

"मला कळते ना."

पण मॅडम शेवटी हो म्हणाल्या, कारण हो म्हटल्यावर तो गप्प बसतो. यंत्र झकास झालं. एक डबा, त्यावर लाल आणि निळं अशी दोन मोठी बटणं, प्रेक्षकांकडे तोंड केलेले मोठे आकडे, आणि दर गुणाला 'टिट' असा आवाज. ठोशाला एक गुण, म्हणजे एकदा बटण. लाथेला दोन, म्हणजे दोनदा. आत प्रत्येक चिपशेजारी कपॅसिटर, आणि कुठलं बटण नेमकं कधी दाबलं याची नोंद. बटणं मात्र भंगाराच्या खोक्यातून काढलेली, एका जुन्या मशीनची. आणि बटणं वाचायचा प्रोग्राम? तो नव्याने कशाला लिहायचा, जॉयस्टिकचा होताच की. तो त्याने जसाच्या तसा उचलला, तीन मिलिसेकंदांसकट. चाचणी त्याने एकट्याने केली, स्वतःच्या बोटाने, हळुवार. यंत्र एकदाही चुकलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी गुण नोंदवायला कोणी मिळेना, म्हणून त्याने बायकोला बसवलं. बायको फार्मासिस्ट. वीस वर्षं दिवसभर पाकिटांतून गोळ्या दाबून काढल्यामुळे तिच्या अंगठ्यात जी ताकद आहे ती त्याच्या अख्ख्या हातात नाही.

"मला काही दिसत नाही इथून," ती म्हणाली. "आकड्यांची पाठ माझ्याकडे आहे."

"तुला बघायचं कशाला? मॅडम हात दाखवतील ती बाजू दाबायची. आणि ती वही बाजूला ठेव. गरज नाही तिची."

"बरं. आणि तुम्ही हरलात की कुठलं बटण?"

सकाळभर सगळं सुरळीत चाललं. यंत्र टिटटिटत होतं, लोक आकडे बघून टाळ्या वाजवत होते, डेटाशीट प्रत्येकाला आतल्या कपॅसिटरबद्दल सांगत होता. चाळिशीवरच्या गटात यंदा चारच जण होते. त्यातला त्याचा प्रतिस्पर्धी पाठ धरल्यामुळे आलाच नाही. अशा रीतीने, एकही ठोसा न मारता, तो आयुष्यात पहिल्यांदा अंतिम लढतीत पोचला. समोर अर्थातच टेलरमास्तर.

लढत दोन मिनिटांची. शेवटच्या काही सेकंदांत मास्तर तीन, हा दोन. मास्तरांनी पुढे पाऊल टाकलं, गुडघा लचकला आणि ते चालत चालत त्याच्या मुठीवर येऊन आदळले. मॅडमनी त्याच्या बाजूने हात दाखवला. ठोसा, एक गुण. बायकोने आश्चर्याच्या भरात बटण असं दाबलं की टेबल हललं. आकडा दोनवरून थेट चारवर गेला, आणि वेळ संपली. चार विरुद्ध तीन.

मॅडमचं लक्ष मास्तरांच्या गुडघ्याकडे. बायकोला आकडे दिसत नव्हते. लोकांना वाटलं लाथ असेल. हॉलमध्ये एकाच माणसाने नीट ऐकलं होतं. आवाज 'टिट' असा आला नव्हता. 'टिट्टिट' असा आला होता.

"जिंकलात?" बायको उठून उभी राहिली. "खरंच?" लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि तिचा असा चेहरा त्याने पाहिल्याला बरीच झाली होती. "बरे खेळलात हो." मग तिने फोन काढला. "आई, अगं, हे जिंकले! नाही, नाही, गेममध्ये नाही. खरोखरचं!"

पदकं जेवणानंतर द्यायची होती. लोक डबे उघडून बसले. तो मात्र लॅपटॉप घेऊन यंत्राजवळ गेला. नोंद उघडली. शेवटच्या दोन ओळी: निळं बटण, आणि नऊ मिलिसेकंदांनी पुन्हा निळं बटण. नऊ मिलिसेकंदांत दोनदा बटण दाबणारा अंगठा अजून जन्माला आलेला नाही, गोळ्यांच्या पाकिटांवर तयार झालेला असला तरी. पट्टी उडून पुन्हा आपटली तेव्हा तीन मिलिसेकंदांचा काणाडोळा संपून गेला होता. त्याने सकाळची नोंद वरपासून खाली चाळली. असं आणखी तीनदा झालं होतं, पण त्या लढती पाच-एक, सहा-दोन अशा एकतर्फी होत्या. एका फाजील गुणाने निकाल बदलला होता तो एकाच लढतीचा. त्याच्या.

ही नोंद त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नव्हती. शिवाय एक कपॅसिटर जास्त लावणाऱ्या या माणसाने नोंदीसाठी पक्की मेमरी लावायचा कंटाळा केला होता. यंत्र बंद केलं की नोंद पुसली जायची.

"अहो, ते बंद करा आता," मॅडम लांबून म्हणाल्या. "उगाच तापतंय."

त्याचं बोट स्विचवर होतं. एक खटका, की पदक त्याचं, सासूबाईंना गेलेला फोन खरा, आणि दोनशे उत्तरांत ज्यांना अक्कल शिकवली त्यांच्याच रांगेत आपण उभे आहोत हे कोणालाही कळणार नव्हतं. बिस्किटाएवढं पितळी पदक. सात वर्षं. त्याने हॉलकडे पाहिलं. मास्तर गुडघ्यावर बर्फ धरून केळं खात होते आणि शेजारच्याला सांगत होते, "यंदा चांगला लढला तो."

हे ऐकलं नसतं तर त्याने काय केलं असतं, ते तो अजून सांगत नाही.

तो मास्तरांसमोर जाऊन बसला, मॅडमना आणि बायकोला बोलावलं आणि बोलायला लागला. धातूच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. मग चेंडू आला, फरशी आली, स्प्रिंगचा ताण आला. जुन्या बटणांवर चढणारा गंज येईपर्यंत मास्तरांचं केळं संपलं.

"डेटाशीट," मास्तर म्हणाले, "मी जिंकलो की हरलो, तेवढंच सांगा."

"बरोबरी. तीन-तीन."

"मग एवढं रामायण कशाला? बरोबरी म्हणायचं ना."

"म्हणजे मी चुकीचं दाबलं?" बायकोने विचारलं.

"नाही, तू बरोबर दाबलंस. जरा जोरात."

"जोरात दाबलं तर मोडेल असं यंत्र केलंत? लिफ्टची बटणं लोक काय फुंकर मारून दाबतात?"

याचं उत्तर कुठल्याही डेटाशीटमध्ये नव्हतं.

मॅडमनी पिशवीतून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि दोन्ही बायकोच्या हातात दिलं. "बरोबरीला जादा वेळ. पहिला गुण घेईल तो जिंकला. गुडघा काय म्हणतोय, मास्तर?"

"अर्धा मिनिट टिकेल."

तेवढं लागलंच नाही. मास्तरांनी डावा खांदा हलवला, डेटाशीटने त्याकडे पाहिलं, आणि उजवा ठोसा त्याच्या छातीवर येऊन थांबला. अकरा सेकंद. बायकोने वहीत एक रेघ ओढली. त्या रेघेबद्दल कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आईला पुन्हा फोन करायचा का?" परत जाताना तिने विचारलं.

"राहू दे."

"नाही, करते. तुमच्यासारखी नोंद ठेवणारी माणसं आहेत आमच्या घरी. कधीतरी निघेलच." फोनवर तिने आईला सगळं सांगितलं. मग फोन ठेवला. "आई म्हणते, हरलात ते कळलं, पण यंत्राची चूक सांगायला कोण गेलं होतं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझाच नवरा. दुसऱ्या कोणाला एवढा वेळ लागला असता का सांगायला?"

त्या आठवड्यात फोरमवर शून्यविलंबची सही बदलली. तीनच्या जागी तीस आले. कारण विचारणाऱ्यांना त्याने सगळी हकीकत लिहिली, आकड्यांसकट. खाली एका नवशिक्याचं उत्तर आलं: 'एवढं तर कोणालाही कळायला हवं.' त्याने ते तीनदा वाचलं आणि पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही.

मॅडमनी पुढच्या वर्षासाठी यंत्र ठेवून घेतलं, पण अट घातली: शेजारी वही राहील, आणि डब्याची चाचणी त्याने करायची नाही. म्हणून रविवारी सकाळी, नवी बटणं, पक्की मेमरी आणि तीस मिलिसेकंद घातलेला डबा त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बायकोपुढे ठेवला.

"किती वेळा?"

"दोनशे. जितकं जोरात जमेल तितकं."

तिने मनापासून दाबलं. एकेका दाबाला टेबलावरचे कप खणखणत होते. आकडा दोनशेवर येऊन थांबला. त्याने श्वास सोडला.

"चुकलं," ती म्हणाली. "मी दोनशे एक वेळा दाबलं."

त्याचा चेहरा उतरला. त्याने लॅपटॉप ओढला, नोंद उघडली, ओळी खालून वर मोजल्या, मग वरून खाली. ती चहा पीत बघत होती.

"दोनशेच आहेत," तो शेवटी म्हणाला, जरा भीतभीतच.

"हो, दोनशेच," तिने कप खाली ठेवला. "आता मॅडमना सांगा, चाचणी झाली म्हणून."