साठीच्या झोपाळ्यावरचं विरहगीत

माझ्याजवळ एक कॅसेट आहे. ती मी विकत घेतलेली नाही. तिरुच्चीच्या वसतिगृहात माझ्या खोलीतला विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून गावी गेला, तेव्हा ती त्याच्या गादीखाली राहिली आणि न्यायला तो कधी परतला नाही. पुढे तंजावुरात गणिताचा अध्यापक म्हणून रुजू झालो, लग्न झालं, कॅसेट वाजवणारी यंत्रं नामशेष झाली. पण त्या कॅसेटमधली गाणी आता फोनवर मिळतात आणि मी ती अजूनही ऐकतो.

ज्या इंग्रज वाद्यवृंदाची ती गाणी, त्याचा इतिहास मला फार उशिरा कळला. ही मंडळी मुळात निराळंच, खडबडीत आणि रडवं संगीत वाजवीत असत. मग त्यांचे गिटारवादक एकेक करून सोडून गेले. उरलेल्यांनी परदेशातल्या एका जोडप्याला आपल्यात घेतलं, पाटी जुनीच ठेवली आणि एकदम असं काही मऊ संगीत काढलं की कडक खळीचं धोतर चार वेळा धुतल्यावर अंगाला लागावं, तसं ते कानाला लागतं.

यात मला विशेष नवल वाटलं नाही, कारण आमच्या भजनगोष्टीचं थोडंफार असंच झालं आहे. राजवाड्यामागच्या गल्लीत दर शनिवारी संध्याकाळी जमणारी ही गोष्टी, म्हणजे भजन गाणारी मंडळी, पणजोबांच्या काळापासूनची. पण मुख्य गायक लेकीकडे कोइमतूरला गेले, पेटीवाल्यांचे गुडघे गेले आणि गोष्टी माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, हाती आली. आता पेटीच्या जागी कीबोर्ड असतो आणि मृदंगावर अक्काचे यजमान, आमचे भावजी, असतात. नियम मात्र तोच. पुढच्यानं ओळ टाकायची, मागच्यांनी ती जशीच्या तशी उचलायची. टाकलेली ओळ कोणी उचलली नाही, तर तो गाणाऱ्याचा नव्हे, ऐकणाऱ्यांचा अपमान समजतात.

या गोष्टीत माझं स्थान शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. माझ्या हाती झांजा आणि ओठांवर शब्द, आवाज नाही. लहानपणी लाज वाटे म्हणून, पुढे सवय झाली म्हणून. ही गोष्ट फक्त माझ्या पत्नीला ठाऊक आहे, असा माझा समज होता. गेल्या वर्षी माझ्या षष्ट्यब्दपूर्तीची बोलणी निघाली, तेव्हा अक्का म्हणाली, "ऊंजलाला कोण गाणार? विचारून ठेवा." ऊंजल म्हणजे झोपाळा. साठी पूर्ण झाली की आमच्याकडे नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लावतात आणि त्यांना झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणतात.

"यांनाच गाऊ द्या की," पत्नी भाजी चिरता चिरता म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला, पण यांचा आवाज कुकरच्या शिट्टीवर चढलेला मी ऐकला नाही, अक्का."

"तो झांजा मारतो तेवढं पुरे आहे. ते तरी कुठं तालात असतं?"

दोघी हसल्या. मीही हसलो. मात्र कुकरच्या शिट्टीचं ते वाक्य मला सोडीना. वास्तविक पत्नीनं ते चेष्टेत म्हटलं होतं. तिनं रागानं म्हटलं असतं तर मी त्याच संध्याकाळी विसरलो असतो. ऊंजलावर बसून, सर्वांदेखत, तिला ऐकू येईल असं एक गाणं म्हणायचं, हे मी ठरवलं. आणि मला मनापासून येत असलेली गाणी त्या कॅसेटमधलीच होती.

एका चर्चच्या गायकवृंदाला शिकवणाऱ्या गृहस्थांकडे मी संध्याकाळी जाऊ लागलो. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं, "सार, तोंड उघडा," आणि बरेच दिवस त्यापलीकडे आमची प्रगती झाली नाही. घरी मी फिरायला जातो असं सांगत होतो.

"काय हो," एकदा पत्नीनं कापीचा डबरा, म्हणजे कॉफीची पसरट वाटी, पुढं सरकवत विचारलं, "फिरून आल्यावर माणसाचे पाय दुखतात. तुमचा घसा कसा बसतो?"

मी धुळीला दोष दिला.

गाणं मी आपल्याकडच्या रीतीनं बसवलं होतं. शब्दांच्या भानगडीत न पडता आधी सगळे स्वर लिहून काढले, सा-रि-ग करून घोटले, मग त्या स्वरांवर इंग्रजी अक्षरं चढवली. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईशी माझं लग्न झालं आहे, हे मी त्या भरात विसरलो. समारंभाला आठवडा उरला होता; मी गच्चीवर वाळत घातलेल्या वडामांच्या, म्हणजे तांदळाच्या पापड्यांच्या, राखणीला बसलो असताना तिनं मला गुणगुणताना पकडलं.

"हे म्हणणार आहात?"

"चाल चांगली आहे. मध्यमावरून पंचमाला फार हळुवार जाते."

"चाल राहू दे. अर्थ काय आहे?"

मी स्वरांची वही पुढे केली. तिनं ती बाजूला ठेवली, फोन घेऊन गाणं संपूर्ण ऐकलं, चष्मा काढला आणि पदराला पुसला.

"अहो, तो तिला सांगतोय की दार उघडंच आहे, निघायचं तर नीघ. पुन्हा लग्न लावताय की घालवायची सोय करताय?"

मग तिनंच मला ऐकवलं, की ही गाणी बसवीत असताना त्या वाद्यवृंदातली जोडपी एकेक करून मोडत होती आणि एकमेकांना उद्देशून लिहिलेल्या तक्रारी एकमेकांच्याच साथीनं गात होती. तारुण्यापासून मी त्या तक्रारी प्रसन्न चित्तानं ऐकत आलो होतो.

"दुसरं बसवायला वेळ नाही," मी म्हणालो. "राहू दे. नाही म्हणत."

तिनं वही माझ्या हाती परत दिली. "म्हणा," ती म्हणाली. "अर्थ मला एकटीला कळतो. मी कुठं सांगत नाही."

समारंभाच्या दिवशी घटाचं पाणी डोक्यावर घेऊन, ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधून, पायसमानं जड होऊन आम्ही झोपाळ्यावर बसलो. बायकांनी दूध-केळं दिलं, रंगीत भाताचे मुटके ओवाळून टाकले, दोन-तीन गाणी झाली. मग मी घसा साफ केला. सभामंडपात अशी शांतता पसरली की आचाऱ्याची पळी ऐकू यावी.

पहिली ओळ कशीबशी निघाली. तिच्या अखेरीस आवाज विरला आणि दुसरी ओळ कोणत्या स्वरावर उभी आहे, ते मला आठवेना. पत्नी समोर बघत होती. तिचा अंगठा साडीच्या काठावर गच्च दाबलेला मला दिसला.

तेवढ्यात अक्कानं ओळ उचलली.

तिला गाणं ठाऊक नव्हतं, भाषाही जेमतेम. पण ओळ पडली की उचलायची, हे तिच्या हाडांत आहे. तिच्यामागोमाग गोष्टीतल्या साऱ्यांनी उचलली. भावजींनी मृदंग पुढे ओढून आदितालाचा ठेका धरला. तेवढ्या अवधीत मला दुसरी ओळ सापडली. मी ती टाकली, त्यांनी उचलली. अशा रीतीनं ते हळुवार गाणं दुप्पट लांब होऊन पुढे सरकलं आणि ध्रुवपदाशी आलं, तेव्हा माझे सगळे नातेवाईक, हातांनी ताल धरून, भक्तिभावानं माझ्या पत्नीला सांगत होते, की दार उघडंच आहे, निघायचं तर नीघ.

पापनाशमहून आलेल्या वृद्ध मावशींनी डोळे पुसले. "कोणत्या देवाचं गं हे?" त्यांनी पत्नीला विचारलं.

"उत्तरपूजेचं आहे, मावशी," पत्नी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

मला हसू आवरेना आणि शेवटची ओळ मी हसतच म्हटली. मोठ्यानं म्हटली असावी. कारण आचारी दाराशी येऊन उभा होता.

 गाणं कसं झालं, हे तिला विचारण्याचा माझा स्वभाव नाही. पाहुणे गेले, उसने आणलेले जमखाने परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो आणि स्वयंपाकघरात कुकर चढला होता. शिट्टी होऊन गेली आणि आतून ती गुणगुणल्याचं ऐकू आलं. गाण्याची पहिली ओळ, मध्यमावरून पंचमापर्यंत, अगदी बिनचूक. तिथं ती थांबली. भांड्यांचा आवाजही थांबला.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि ओळ उचलली.

"मोठ्यानं," आतून आवाज आला. "दुसरी शिट्टी होतेय."