न पाठवलेला फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नीलिमाला, माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

तिच्या पाठीवर एक काळा डाग वाढत होता. तिला तो दिसत नव्हता, मला दिसत होता. आम्ही दोघं पासष्टी ओलांडलेले, म्हणजे विमा सरकारी — मेडिकेअर. तो विमा स्वीकारणारा त्वचेचा डॉक्टर इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावात शोधायचा, एवढंच माझं काम. सोपं वाटतं ना? यादीतलं पहिलं क्लिनिक बंद झालं होतं. दुसरं फक्त सुरकुत्या घालवत होतं. तिसऱ्याने चाळीस मिनिटं संगीत ऐकवून फोन कापला. चौथ्या क्लिनिकमधल्या बाईंनी माझ्याकडून नीलिमाची जन्मतारीख तीनदा वदवून घेतली आणि मग सांगितलं, मेडिकेअरचे नवे पेशंट घेत नाही. अहो बाई, मग जन्मतारीख कशाला हवी होती? माझं डोकंच फिरलं. आणखी सात नंबर उरले होते. मी यादी ड्रॉवरमध्ये कोंबली.

संध्याकाळी तिने विचारलं, "अहो, मिळाली का अपॉइंटमेंट?"

सगळ्यांना फोन केले, कुणीच घेत नाही, असं मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. "सुहासला फोटो पाठवला. साधा तीळ आहे म्हणाला."

सुहास तिच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात त्वचेचा डॉक्टर. इथल्या प्रत्येक मराठी घराचा तिकडे असा एक सुहास असतोच, व्हॉट्सअ‍ॅपवर निदान करणारा. फोटो मी काढला होता. पाठवला नाही. का? तो म्हणाला असता, काका, लगेच कुणाला तरी दाखवा — आणि मला पुन्हा फोनला चिकटावं लागलं असतं. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडत नाही.

आठ महिन्यांनी वार्षिक तपासणीत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी डाग पाहिला. कॅन्सर होता, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला. आता दर तीन आठवड्यांनी औषध चढवतात. माझ्या नवऱ्याने गाव पालथं घातलं हो, असं ती मैत्रिणींना सांगते, आणि मी शेजारी बसून ऐकतो.

सुहासशी मात्र ती बोलत नाही. त्याला जाब विचारायला निघाली होती, तेव्हा मीच अडवलं — जाऊ दे, पोराला कशाला दुखवायचं? वर माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं.

परवा त्याचा मेसेज आला. "काका, मावशी माझा फोन का घेत नाही? माझं काही चुकलं का?"

मी लिहिलं, औषधांनी थकते रे ती.