भरलेली बाटली

नंदाबाई कामशेतच्या कॉलेजात एकवीस वर्षं शिपाई आहेत. तिथं कोण कधी येतो, कुठून जातो, हे त्यांना सगळं नाटक पाठ असलेल्या प्रॉम्प्टरसारखं ठाऊक.

यंदा मुलांच्या मनावरचं ओझं ऐकून घ्यायला तळेगावच्या वल्लरी मॅडम नेमल्या गेल्या. खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर. दारावर भलीमोठी पाटी, आत नाव आणि कारण लिहायचं रजिस्टर. बुधवार-शनिवार, चार ते पाच. दोन महिने झाले, रजिस्टर कोरंच.

"मुलांना गरज दिसत नाही. महिनाअखेर बंद करू," प्राचार्य श्रीपाद सर म्हणाले.

वल्लरीचा चेहरा उतरला. नंदाबाईंचा नाही. त्यांनी अपेक्षाला पाहिलं होतं. पवनानगरकडची हुशार पोर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. आठ दिवस तिचा डबा न उघडताच घरी जात होता. बुधवारी ती त्या खोलीशेजारच्या नळावर तीनदा आली, तीही भरलेली बाटली घेऊन! पाटीकडे बघायची, केबिनबाहेर बसलेल्या पालकांकडे बघायची, थोडं पाणी ओतायची, पुन्हा भरायची. शेवटी सव्वाचारची जीप धरायला पळाली. ती चुकली की साडेसहापर्यंत दुसरी नाही.

परवा जिन्यात तिनं विचारलं होतं, "मावशी, त्या खोलीत गेलं की घरी कळवतात का?"

नंदाबाई सरळ केबिनमध्ये शिरल्या. वल्लरीही तिथंच होती.

"सर, खोली हलवा. ग्रंथालयामागं खेळाच्या सामानाची खोली हाय, तितं. सकाळी अकराला, जीपवाली पोरं हितंच असतात तवा. पाटी नको आन् रजिस्टरबी नको."

सर हसले. "नंदाबाई, आता कॉलेज तुम्हीच चालवणार वाटतं?"

"न्हाई सर, कॉलेज तुमीच चालवा. मी नुसतं टेबल उचलते."

"आणि वर पाठवायच्या अहवालात नावं काय लिहू?"

"नावं लागत नाहीत सर," वल्लरी म्हणाली, "किती जण आले तेवढा आकडा पुरतो."

सरांनी पंधरा दिवस दिले. नंदाबाईंनी त्याच संध्याकाळी क्रिकेटचे पॅड आणि फाटकी जाळी बाहेर काढली, फरशी घासली, दोन खुर्च्या मांडल्या. एवढ्या प्रेमानं कुणी रंगमंचही मांडत नाही.

नंदाबाईंनी कानावर घातलं होतं, तशी शनिवारी अकराला अपेक्षा ग्रंथालयाच्या कोपऱ्यावर उभी. हातात बाटली, काठोकाठ भरलेली.

"आण ती हिकडं," नंदाबाई म्हणाल्या. "घरी कुणी कळवत न्हाई, मी इचारलंय. जा आत."

पाऊण तासानं ती बाहेर आली. डोळे लाल, पण मान वर. बाटली रिकामी होती. नंदाबाईंनी पाणी जास्वंदीला घातलं होतं.

"मावशी, पाणी?"

"भर जा आता. आन् डबा खा आदी."

ती खरंच नळाकडे गेली.

मग एकीचं बघून दुसरी आली, तिसरा आला. पंधराव्या दिवशी श्रीपाद सर स्वतः पाहणीला निघाले. ग्रंथालयामागच्या पायरीवर नंदाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"सर, हितून म्होरं न्हाई."

"अहो, कोण कोण येतंय ते बघायला आलोय मी!"

"म्हणूनच न्हाई. आकडा मॅडमला इचारा, चौदा हाय."

सरांनी बंद दाराकडे पाहिलं. आतून कुणीतरी हळूहळू बोलत होतं. ते आल्या पावली मागे फिरले आणि चार पावलांवरून, आवाज खाली आणून म्हणाले,

"राहू दे ही खोली. आणि नंदाबाई, बाहेर बसायला तुम्हाला एक खुर्ची घ्या."