शुद्धीत जायचंय

नगरहून सकाळच्या एसटीने निघाले, तेव्हा मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) बायका स्टँडवर आल्या होत्या. "जोर लावून प्रार्थना करा, ताई. ही सैतानाशी लढाई आहे," असं त्यांनी बजावलं. सोलापूरला माझी धाकटी बहीण मार्था राहते. तिचे यजमान योहानराव पोटाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं.

करमाळा मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली. टेंभुर्णीच्या पुढे गाडीचा टायर बसला. आम्ही सगळे उतरून बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. शेजारी मोहोळला उतरून मंगळवेढ्याला जाणारी एक म्हातारी होती.

"कुटं निगालाय, बाई?"

"सोलापूरला. मेहुण्यांना बरं नाही."

"म्होटं दुखणं हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली.  तिने ओच्यातल्या भुईमुगाच्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि टायर बदलेपर्यंत माझ्या शेजारी नुसती उभी राहिली.

मार्थाचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. गल्लीत शिरल्यापासूनच यंत्रमागांची खडखड सुरू होते. योहानराव तेलुगू घरातले, उभं आयुष्य टॉवेलच्या मागावर गेलेलं. खाटेवर ते इतके लहान दिसत होते की मी क्षणभर दारातच थबकले.

"या आक्का. गाडीला उशीर झाला व्हय?" त्यांनी विचारलं. आणि लगेच कळ आली. त्यांनी खाटेचा गज धरला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. एरवी माझ्याशी मराठीत बोलणारे योहानराव दुखायला लागलं की तेलुगूत प्रार्थना करत. मार्था कळ थांबवणाऱ्या औषधाची बाटली हातात घेऊन बाजूला उभी होती. त्यांनी मान फिरवली.

लग्नानंतरची कित्येक वर्षं ते प्यायचे. मजुरी शिंदीत (शिंदीच्या झाडाच्या मादक रसात) जायची. मग प्रभूकडे आले आणि सुटली ती सुटलीच. पुढे वस्तीतल्या बायका आपल्या पिणाऱ्या नवऱ्यांना हाताला धरून त्यांच्याकडे आणू लागल्या. हे सगळं मला माहीत होतं. औषध का नको, ते मात्र त्यांनीच सांगितलं.

"त्ये घेतलं की डोकं हलकं होतंय, आक्का. आगदी तसंच. पैल्यांदा घेतलं तवा मला लई बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचंच भ्या वाटतंय."

"पण हे औषध आहे. डॉक्टरांनी दिलंय."

"मला म्हाईत हाय की. अंगाला कुटं म्हाईत हाय?" ते म्हणाले, "मला शुद्धीत जायचंय. प्रभूम्होरं झिंगत कसा हुबा राहू?"

वाटेत मी बायबलमधली वचनं आठवून ठेवली होती. ती मनातच ठेवून मी त्यांची चादर नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मंडळीतली माणसं आली. हात उंचावून, मोठ्याने, त्यांनी वेदनेला निघून जाण्याची आज्ञा केली. मीही त्यांच्यात होते. योहानराव दर वेळी "आमेन" म्हणत होते. सगळे गेल्यावर पाहिलं, तर ते चादरीचं टोक दातांत धरून पडले होते.

तेव्हा मार्था खाटेजवळ खाली बसली. "तुमी पिऊन यायचा तवा दार कोन उघडायचं?" तिने विचारलं.

"तू."

"कदी भायेर ठिवलं का तुमाला?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग देव माज्यापरीस कमी हाय का?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि औषधासाठी तोंड उघडलं. ते हरल्यासारखे दिसत होते, हे मला लिहायलाच हवं. औषध घेऊन ते झोपले. मार्थाने भिंतीला टेकून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खाल्ली. मी आल्यापासून तिला पहिल्यांदाच खाताना पाहिलं.

मी निघाले त्या सकाळी ते थोडे जागे होते. "आक्का, मी हरलो का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर तीच शेतं, तेच फाटे, पण मला काही दिसत नव्हतं. लढाई म्हटलं की शत्रू समोर असतो आणि त्याला दटावायचं असतं, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. त्या घरात दोघं एकाच प्रभूची होती, दोघांचं म्हणणं खरं होतं आणि कुणाला दटावावं ते मला कळलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ते गेले. "विजयी झाले," असं आमच्या मंडळीतल्या बायका म्हणाल्या आणि मी त्यांच्याबरोबर मान डोलावली. संध्याकाळी मार्थाचा फोन आला.

"शेवटचं औषध मीच पाजलं, आक्का. मागनं डोळं उघडलंच न्हाईत. त्यांचं येवढं एकच मागणं हुतं, आन् त्ये मी मोडलं. आता प्रार्थनेला बसले की जीभच उचलत न्हाय."

तिला काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही. रविवारी मी पुन्हा सोलापूरला निघाले आहे. या वेळी मंडळीत कुणाला सांगितलेलं नाही. प्रार्थना हल्ली मलाही जमत नाही. तिच्याजवळ जाऊन बसेन, एवढंच ठरवलं आहे.