बारा एप्रिलची शेवटची ओळ

तारीखमावशीच्या उजव्या हाताच्या बोटांना बाराही महिने खडूचा वास येई. तिनं पेज वाढली तरी वाफेबरोबर तो कोरडा, पांढरा वास वर यायचा. डिचोली तालुक्यात, कारापूरच्या वाटेवर असलेल्या आमच्या गावात ती वाचनालयाची झाडलोट करायची. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण सकाळी दार उघडलं, की ओल्या फडक्यानं बाहेरचा फळा पुसून त्या तारखेला जगात काय काय घडलं ते ती टपोऱ्या अक्षरांत लिहायची. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं बिस्किटांच्या डब्यात तारीखवार लावून ठेवलेली असत. तिचं खरं नाव गावात कुणाला चटकन सांगता आलं नसतं.

जगाच्या तीन ओळी झाल्या, की शेवटची ओळ गावाची. एखाद्या साम्राज्याच्या अस्ताखाली ‘आजच्याच दिवशी दत्तूच्या विहिरीला पाणी लागले’ असं गंभीरपणे लिहिलेलं असे. शेजारच्या काकूनं एकदा आपल्या नवऱ्यावरून तिला डिवचलं, “गो मावशी, काल माझो घोव दारू न पिता घरा इलो. लिव मगो ता!”

“फुडल्या वर्सा त्याच तारखेक तसोच इलो तर लिवतंय,” मावशी म्हणाली.

चंद्रावरचं माणसाचं पहिलं पाऊल ती एकवीस जुलैला लिहायची. आमच्या गुरुजींनी पुस्तक उघडून तिला वीस तारीख दाखवली. मावशीनं खडू खाली ठेवला नाही. “गुरुजी, तो थंय चललो तेवा आमच्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले. एकवीस लागलेली. पुस्तक थंयचा, फळो हंयचो.” गुरुजींनी घरी जाऊन हिशेब मांडला आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला वहीत एकवीस लिहायला लावलं. जग आपल्या घड्याळानंही मोजता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

एप्रिलमध्ये आमच्या गावात दोन गोष्टी एकदमच श्वासात शिरतात: काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड दर्प आणि खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ. अशाच एका बारा एप्रिलला माझ्या बाकावर बसणारी सुमन चौथीच्या परीक्षेहून परतताना ट्रकखाली गेली. गाव चार दिवस रडलं आणि गप्प झालं. घराघरातली चूल त्या ट्रकांवरच पेटत होती. मावशीचा नवराही ट्रकच चालवायचा.

वर्षानं पुन्हा बारा एप्रिल आला. फळ्यावर पहिली ओळ होती: ‘माणूस प्रथमच अंतराळात गेला. एकशे आठ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून सुखरूप परत आला.’ आणि शेवटची: ‘आमची सुमन शाळेतून घरी परत आली नाही.’

वाचनालयाचे अध्यक्ष स्वतः चार ट्रकांचे मालक. त्यांनी खिशातला रुमाल काढून ती ओळ पुसली. मावशीनं तिथंच, त्यांच्यासमोर ती पुन्हा लिहिली. त्यांनी पुसली, तिनं लिहिली.

“अगो, ह्या फळ्यावर जगातल्या मोठ्या गोष्टी लिहायच्या असतात,” ते चिडून म्हणाले.

“जगाचा सगळा चलता तुमका,” मावशी म्हणाली, “आनि आमच्या दारातला चलना नाय?”

संध्याकाळी फळा आतल्या खोलीत गेला, खोलीला कुलूप लागलं आणि मावशीची नोकरी सुटली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती रिकाम्या हातांनी आली. वाचनालयाच्या खिडकीच्या काचांवर ट्रकांची धूळ साठली होती. त्या धुळीत तिनं बोटानं तीच ओळ लिहिली. अध्यक्ष आले, तशी बोट पदराला पुसत म्हणाली, “धूळ तुमची, अध्यक्षानू. अक्षर तेवढा माझा.”

त्यानंतर ती चार घरची भांडी घासायची. पण बारा एप्रिलला त्या खिडकीशी यायची म्हणजे यायचीच. सोबत सुमनची आई असे. तिला वाचता येत नव्हतं. “खंय माझ्या चेडवाचा नाव?” ती विचारी. मावशी तिचं बोट धरून त्या तीन अक्षरांवरून हळूच फिरवी. काचेवर सुमनचं नाव बाकी ओळीपेक्षा रुंद दिसायचं, ते त्यामुळं.

मावशी जाऊन दोन पावसाळे झाले. आता दिनविशेष गावाच्या ग्रुपवर येतो. कुठून तरी आयता आलेला, सगळ्या गावांना सारखाच. गेल्या बारा एप्रिलला त्यात अंतराळवीर होता. त्याखाली मी शेवटची ओळ जोडली. ग्रुप चालवणाऱ्यानं ती काढून टाकली: ‘जुनं उकरू नये.’ मी पुन्हा लिहिली. पुन्हा गेली. मी पुन्हा लिहिली.

मग त्याच ग्रुपवर सुमनच्या आईचा आवाज आला. मागे ट्रकांची घरघर होती. मध्ये काही वर्षं खाणी बंद होत्या; आता ट्रक पुन्हा सुरू झाले आहेत. थकलेल्या, पण एकेक अक्षर दाबून उमटवणाऱ्या आवाजात ती एवढंच म्हणाली, “बारा एप्रिल. माझा चेडू, सुमन.”

तो आवाज अजून कुणी पुसलेला नाही. पुसला तर पुसू दे. एप्रिलमध्ये आमच्या खिडक्यांवर धूळ भरपूर असते.