कॉफीच्या पेल्याखालचं कार्ड

परवा मंगळवारी सकाळी ऑफिसात बातमी आली, देसाई साहेबांना अंतराळवीरांच्या निवडीसाठी पुन्हा बोलावलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या... आणि मग वॉशरूममध्ये जाऊन रडले. लाजेनं.

सांगते. नाव बदललंय. विमान कुठलं, आकडे कुठले, ते विचारू नका.

मी मूळची नागपूरची, राहते मारतहळ्ळीला, काम टेस्ट फ्लाइट्सचं. देसाई साहेब हवाई दलातले टेस्ट पायलट, बेळगावकडचे. प्रत्येक उड्डाणाआधी मी त्यांना एक छोटं छापील कार्ड देते. कोणत्या उंचीवर, किती वेगानं, काय करून बघायचं ते त्यावर असतं. साहेब ते मांडीवर बांधतात आणि त्याबरहुकूम उडवतात.

आठ महिन्यांपूर्वी एका कार्डातला वेग आदल्या संध्याकाळी बदलला होता. मी साहेबांना फोनवर कळवलं, नवीन कार्डही छापलं. सकाळी सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमुळे उशिरा सुरू झालेली एक मीटिंग, दोन फोन, हातात कॉफी... आणि घाईत साहेबांना दिलं ते जुनं कार्ड.

वर गेल्यावर वेग चुकीचा निघाला. खाली स्क्रीनवर लगेच दिसलं, टेस्ट थांबवली, विमान सुखरूप परत आलं. मी माझ्या टेबलापाशी आले तर नवीन कार्ड माझ्याच कॉफीच्या पेल्याखाली होतं. त्यावर गोल डाग पडला होता.

मी ते पर्समध्ये टाकलं. विचारसुद्धा केला नाही... हात आपोआप गेला.

आमच्याकडे उड्डाणानंतर डीब्रीफ असतं, म्हणजे काय झालं ते सांगायची बैठक. रिवाज असा की प्रत्येकानं आपली चूक आपण सांगायची, दुसऱ्याची सांगायची नाही. सुरुवात पायलटपासून. साहेब म्हणाले, "आकडा मला खटकला होता. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. चूक माझी."

माझी पाळी आली. एरवी आम्हा नागपूरकरांचं तोंड बंद राहत नाही. मी म्हटलं, "माझ्याकडून काही नाही," आणि मान खाली घालून वहीत तारीख गिरवत बसले.

तेव्हा साहेबांची निवड सुरूच होती. शाळेपासूनचं स्वप्न त्यांचं... डोळे, कान, हाडं, सगळं तपासून झालं होतं. पुढे समितीसमोर फाइल गेली, तिच्यात ती नोंदही गेली. पायलटची चूक. साहेबांचं नाव राखीव यादीत आलं. त्या नोंदीमुळे की आणखी कशामुळे, कुणालाच माहीत नाही. मला मात्र रोज वाटायचं, माझ्यामुळेच.

त्यानंतर साहेबांनी एक नवीन सवय लावून घेतली. कार्ड दिलं की प्रत्येक आकडा मला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मी 'हो' म्हणेपर्यंत थांबायचे. मला वाटायचं टोमणा मारतायत. मनातल्या मनात मी चिडायचेसुद्धा. बघा, चूक माझी आणि राग त्यांच्यावर.

तर परवाची बातमी. साहेबांच्या वयाचा विचार करता ही शेवटची संधी, आणि फाइल पुन्हा तीच जाणार. मी घरी जाऊन ड्रॉवरमधून ते डागाळलेलं कार्ड काढलं. बुधवारी सकाळी कॅन्टीनमध्ये साहेबांसमोर ठेवलं. जे सांगायचं ते धड वाक्यात सांगताही आलं नाही.

साहेब इडली खात होते. कार्ड उलटसुलट करून बघितलं त्यांनी. "मला त्याच दिवशी कळलं की ओ. आदल्या संध्याकाळी फोनवर तुम्हीच आकडा सांगितलेला."

"मग बोलला का नाहीत?"

"माझी मी सांगितली. तुमची तुम्ही सांगायची." इडलीचा तुकडा मोडत म्हणाले, "खरं, वाट बघितली मी."

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं...

तिथून मी थेट बॉसकडे गेले. लेखी दिलं, सोबत ते कार्ड जोडलं. ते साहेबांच्या फाइलला लागेल. कार्ड बनवायचं काम सध्या माझ्याकडून काढून घेतलंय, आणि ते बरोबरच आहे.

दुपारच्या डीब्रीफला सगळे बसले होते. साहेबांनी आपलं सांगितलं, बाकीच्यांनी आपापलं. शेवटी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "राहिलं का कुणाचं काही?"

मी उभी राहिले. आठ महिने उशिरा, सगळ्यांसमोर, सगळं सांगितलं. साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या, म्हणाले, "सरी... ठीक आहे, पुढे," आणि पुढचा मुद्दा घेतला.

काल घरी येताना एकदम लक्षात आलं. साहेब पूर्वी असं कधीच विचारत नव्हते. सगळ्यांचं झालं की उठायचे. 'राहिलं का कुणाचं काही' हे सुरू झालं त्या कार्डाच्या दिवसापासून. आठ महिने, प्रत्येक डीब्रीफच्या शेवटी, ते मलाच विचारत होते... आणि मी वही बघत होते.

साहेब, त्या प्रत्येक दिवसाबद्दल माफ करा. आणि रोज विचारत राहिलात, त्याबद्दल आभार.