मागच्या दाराचं ऑफिस

बहिणीला स्थळं बघायला लागलो तेव्हा आमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण मीच होतो. पोरगी सुरेख, बी.ए. झालेली, कामाला चटपटीत. बाबा शाळेत शिपाई, म्हणजे पक्की नोकरी. इथवर सगळं बराबर. मग पाहुणे विचारायचे, भाऊ काय करतो? की बाबांची बोबडी वळायची. सॉफ्टवेअर बनवतो. कुठं? घरीच. कोणाच्या हाताखाली? कोणाच्याच न्हाई. पाहुणे मान हलवून 'कळवतो' म्हणायचे अन् चपला शोधायला लागायचे.

त्यांना तरी काय बोलावं? हिंगोली जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावाच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे लग्नपत्रिका छापायचं यंत्र. मी खता-बियाण्यांच्या दुकानांना मालाचा हिशेब ठेवायचे प्रोग्राम लिहून द्यायचो. गल्लीतले लोक मात्र बायोडाटा टाईप करून मागायचे, आणि नाही म्हटलं तर पोरगं माजलं म्हणायचे. गिऱ्हाईकांचं आणखी वेगळं. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचा एक दुकानदार फोन करायचा, तुमच्या प्रोग्रामनं बिल तिरपं निघून राहिलं म्हणून. मी भरगच्च जीपमध्ये स्वतःला कोंबून तिथवर जायचो, प्रिंटरमधला कागद सरळ करायचो आणि परत यायचो. याला धंदा म्हणतात, असं मी स्वतःला समजावत असे.

तिसरं स्थळ मोडल्यावर बाबांनी फर्मान काढलं. उद्यापासून इस्त्रीचे कपडे घालून, डबा घेऊन, गल्लीच्या देखत घरातून निघायचं. गल्लीला वाटलं पाहिजे, पोरगं सर्व्हिसला लागलं. मी विचारलं, जाऊ कुठं? कॉम्प्युटर तर घरात आहे. बाबांनी त्याचाही विचार केला होता. गल्ली ओलांडायची, ओढ्याकडून वळसा घालायचा आणि परसातल्या दारानं आत यायचं.

माझं वय तेव्हा लग्नाचं. त्या वयात मी रोज सकाळी ऐटीत घर सोडायचो आणि चोरासारखा बाभळीतून घरात शिरायचो. समोरच्या काकू हौसेनं म्हणायच्या, निघाले का साहेब? मी मान डोलवायचो. आत आल्यावर माय आवाज न करता कडी लावायची. दिवसभर मी मागच्या खोलीत. मोठ्यानं खोकायचं नाही, फोन उचलायचा नाही. लाज वाटायची, पण बहिणीकडं बघितलं की गप बसायचो. तिचं जमलं की ही थेरं संपणार होती.

कनेरगाव नाक्याचं स्थळ आलं आणि घरात जीव आला. मुलगा बहिणीला आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण फोटो मायला परत द्यायला तिनं आठ दिवस लावले. बैठकीच्या दिवशी मी ठरल्यासारखा 'ऑफिसला' गेलो आणि मागच्या खोलीत येऊन बसलो. बाहेर मुलगा, त्याचे वडील, मामा. बाबा सांगत होते की पोराला सुटी मिळाली न्हाई, साहेब लई कडक.

आणि लाईट गेली.

लाईट रोजच जायची, तिचं काही नाही. पण कॉम्प्युटरला जोडलेला बॅटरीचा डबा लाईट गेली की कोकलायला लागायचा. टीं, टीं, टीं. बंद करावा तर एका दुकानाचा अख्ख्या हंगामाच्या मालाचा हिशेब त्या वेळी मशीनमध्ये नव्यानं लावला जात होता. मध्येच बंद पडलं असतं तर सगळंच मातीत. मी डब्यावर गोधडी टाकली. वर उशी टाकली. शेवटी स्वतः त्यावर बसलो. तरी आपलं टीं, टीं.

बाहेर बोलणं थांबलं. मामा उठले, काय वाजून राहिलं म्हणत सरळ आले आणि दार ढकललं. इस्त्रीच्या कपड्यात, गोधडीवर बसलेला मी त्यांना दिसलो. मामांनी विचारलं, हे कोण?

बाबा त्यांच्या मागोमाग आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

"मिस्त्री हायेत," ते म्हणाले. "मशीन दुरुस्त करून राहिले."

जन्मात पहिल्यांदा बाबांनी मला अहो-जाहो केलं. मामांना मात्र बरं वाटलं. आमच्याकडचा टीव्ही बिघडलाय, येता का एकदा? आणि मी म्हणालो, येतो की. कोणी शिकवलं नव्हतं, माझ्याच तोंडून गेलं. त्यांनी रस्ता सांगितला, मी मान डोलावली.

बहीण चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"मिस्त्री न्हाई त्यो. माझा दादा हाय."

पाहुण्यांनी चहा घेतला, पोहे चांगले झाले म्हणाले आणि रीतसर निरोप घेऊन गेले.

निरोप आठवड्यानं मध्यस्थाच्या तोंडून आला. ते बिचारे ओशाळून बोलत होते. पोराच्या धंद्याचं आमाला काही न्हाई, असं मुलाच्या वडिलांनी कळवलं होतं. घरी बसून करो की दारी. पण जो बाप पोटच्या पोराला मिस्त्री म्हणतो, तो पोरीबद्दल खरं काय सांगत असेल? बहीण आतून ऐकत होती. ती उठून भाकरी थापायला गेली.

मला बाबांचा फार राग आला होता. ते येऊन माझ्या खोलीत खुर्चीवर बसतील तर ऐकवायचं, असं ठरवून मी शब्द जुळवत खाटेवर बसलो होतो. ते आले. खुर्चीवर बसले नाहीत, खालीच भिंतीला टेकले.

"तू करतो काय रे नेमकं?" ते म्हणाले. "एकदा मला नीट सांग. कोणी इचारलं तर मला सांगता येईल असं सांग."

इतक्या वर्षांत त्यांना मी ते कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना काय कळणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. मी तोंड उघडलं आणि मला एकही वाक्य सुचेना. बाबा खालून माझ्याकडं बघत वाट पाहत राहिले, आणि मी मान खाली घालून बसून राहिलो.